सिंगपास आणि आंटींचा कागद
इथल्या चर्चेत कुणीतरी म्हटलंय की सिंगापूर टीचभर बेट, तिथे सगळं ऑनलाइन करणं सोपं, हाल होतात ते म्हाताऱ्यांचे. टीचभर आहे हे खरं पण सोपं नव्हतं हो, सिंगपास म्हणजे सरकारी सेवांसाठीची ऑनलाइन ओळख, ती २००३ साली सुरू झाली तेव्हा नुसता आयडी-पासवर्ड होता, मोबाइल अ‍ॅप आलं थेट २०१८ मध्ये, मधली पंधरा वर्षं हळूहळू घडत गेलंय ते. आणि म्हाताऱ्यांची काळजी मलाही वाटते, म्हणूनच लिहितेय.

इथे सिंगापुरात घरटी सीडीसी व्हाउचर, म्हणजे खरेदीसाठीची सरकारी कुपनं मिळतात, २०२१ च्या डिसेंबरपासून ती डिजिटल झाली. घरातल्या एकाने सिंगपासने क्लेम करायचं, फोनवर लिंक येते, हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या स्टॉल्सच्या बाजारात, क्यूआर दाखवला की झालं. आमच्या ब्लॉकमधल्या चिनी आंटींकडे साधा बटणांचा फोन, मुलं कुणी जवळ नाहीत. त्यांच्यासोबत मी कम्युनिटी सेंटरला गेले तर तिथल्या पोराने त्यांचं ओळखपत्र बघून क्यूआर छापलेला कागदच हातात दिला! आंटींनी चार घड्या घालून पर्समध्ये ठेवला आणि खाली येऊन लगेच त्यावर भाजी घेतली, भाजीवाल्याने आपल्या फोनने कागदच स्कॅन केला. म्हणजे मागची यंत्रणा पूर्ण डिजिटल, फक्त आंटींच्या हातात कागद. शिवाय २०२० पासून कम्युनिटी सेंटर, लायब्ररीत डिजिटल अ‍ॅम्बेसेडर बसवलेत, ते ज्येष्ठांना शेजारी बसून फोन शिकवतात. अ‍ॅम्बेसेडरांचं हे टेबल आणि कागद छापणारा हा प्रिंटर मला अ‍ॅपइतकाच महत्त्वाचा वाटतो, चर्चेत त्याचं नावच नाही आलं म्हणून सांगितलं.