गाडीत ठेवलेली पिस्तुले
सामान्य नागरिकांना पिस्तूल सोबत बाळगू देणारे कायदे आले की समोरच्याच्या कमरेला पिस्तूल असेल या धास्तीने अमेरिकी शहरांतले लुटारू बिचकतात, हा युक्तिवाद ऐकायला पटतो. १९९७ मध्ये लॉट आणि मस्टर्ड या अर्थतज्ज्ञांनी तो आकडेवारीनिशी मांडलाही होता. मात्र २००४ मध्ये तेथील राष्ट्रीय संशोधन परिषदेला त्या पुराव्यातून ठाम निष्कर्ष काढता आला नाही.

या युक्तिवादात पिस्तुलांच्या चोरीचा मुद्दा येतच नाही. न्यायालयात शस्त्र नेता येत नाही म्हणून परवानाधारक ते गाडीच्या कप्प्यात ठेवून जातो, मागे काच फुटते आणि पिस्तूल नेमके नको त्या हाती पडते. संशोधक डोनोह्यू व सहकाऱ्यांनी ४७ मोठ्या अमेरिकी शहरांच्या अभ्यासात (२०२२) असे कायदे आल्यावर बंदुकांच्या चोऱ्या सुमारे ३५ टक्क्यांनी वाढल्याचे आणि, मला हे अधिक गंभीर वाटते, पोलिसांकडून हिंसक गुन्ह्यांची उकल १३ टक्क्यांनी घटल्याचे नोंदवले आहे.