विषय : आईच्या गच्चीवरचं लिंबू पिवळं पडतंय. पुण्यात आत्ता कोणी आहे का?

अनघा, २ नोव्हेंबर

मंडळी, नमस्कार. फराळ संपला, आता कामाचं बोलते.

आई कर्वेनगरला एकटी असते हे बहुतेकांना ठाऊक आहे. गच्चीवर तिची पंचवीस-तीस झाडं आहेत. त्यातलं निळ्या ड्रममधलं कागदी लिंबू म्हणजे जीव की प्राण. ते गणपतीपासून पिवळं पडतंय. शेजारच्या टोमॅटोच्या पानांवर तपकिरी डाग आलेत, ते वेगळंच. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणी म्हणालं मॅग्नेशियम कमी आहे, तर एप्सम सॉल्ट तीनदा घालून झालं. मग मूठभर डीएपी, म्हणजे नत्र-फॉस्फरसचं खत. मग शेणखत, अंड्यांची टरफलं, चहाचा चोथा. लिंबू आणखीच पिवळं.

रोज माझ्या रात्री दहाला पानांचे फोटो येतात. स्वतःच्या गुडघ्याबद्दल विचारलं तर "बरं आहे गं", आणि लिंबाबद्दल वीस मिनिटं. आपल्या या ईमेल-यादीवर फोटो जात नाहीत म्हणून हे असं लिहितेय. इथून काही औषध नेता येईल का?

---

नंदूकाका, ३ नोव्हेंबर

अनघा, मी पुण्यातच आहे, मार्चपर्यंत. फोटो जात नाहीत ते बरंच आहे. फोटो दिसला की लोक खत सुचवतात, प्रश्न कुणी विचारत नाही.

आईंना फोनवर तीन गोष्टी विचार. आधी कुठली पानं पिवळी झाली, फांदीच्या बुडाची जुनी की शेंड्याची कोवळी? पिवळ्या पानाच्या शिरा हिरव्या राहिल्यात का? आणि गणपतीच्या आधी घरात, गच्चीत, पाण्यात काही बदललं का? तोपर्यंत काहीही घालू नका म्हणावं. काहीही म्हणजे चहाचा चोथासुद्धा.

औषध वगैरे काही आणू नकोस. लागेल ते इथल्या कुठल्याही कृषी सेवा केंद्रात मिळतं आणि शंभर-दोनशे रुपयांत काम होतं.

---

अनघा, ४ नोव्हेंबर

काका, कोवळी पानं आधी. शिरा हिरव्या, "जाळीसारख्या" म्हणते. बदललं काही नाही.

---

नंदूकाका, ७ नोव्हेंबर

काल जाऊन आलो. कोथरूडहून दहा मिनिटं, म्हणजे संध्याकाळी पस्तीस. सविस्तर लिहितो, कारण यादीवरच्या निम्म्या लोकांच्या आयांच्या गच्च्या पुण्यातच आहेत.

आधी पानं कशी वाचायची ते. झाडाला काही अन्नद्रव्यं जुन्या पानांतून काढून नव्या पानांना देता येतात. नत्र (नायट्रोजन), स्फुरद (फॉस्फरस), पालाश (पोटॅशियम), मॅग्नेशियम ही त्यातली. ती कमी पडली की झाड म्हाताऱ्या पानांचं काढून पोरांना देतं, आणि खालची पानं आधी खंगतात. नत्र कमी असेल तर जुनं पान सगळंच फिकट पडतं. पालाश कमी असेल तर कडा करपल्यासारख्या होतात. मॅग्नेशियम कमी असेल तर शिरांमधला भाग पिवळा पडतो, आणि लिंबाच्या पानात देठाजवळ हिरवा त्रिकोण उरतो, उलट्या व्हीसारखा. लोह, कॅल्शियम, बोरॉन यांचं तसं नाही. एकदा पानात गेलं की तिथंच बसतं. म्हणून त्यांची चणचण शेंड्याला दिसते.

आईंच्या लिंबाची बुडाची पानं गडद हिरवी, शेंड्याची लोण्यासारखी फिकट, आणि त्यांवर बारीक हिरव्या शिरांची जाळी. पानांचा आकार नेहमीचाच. पानं बारीक, अरुंद, चट्ट्यापट्ट्यांची असती तर मी जस्त म्हटलं असतं. हे लोहाचं लक्षण. मॅग्नेशियमशी त्याचा काही संबंध नाही, आणि तीन वेळा एप्सम सॉल्ट त्यावरच खर्ची पडलं.

आता लोह कमी का पडलं? मातीत ते आहेच, आपल्या सह्याद्रीच्या दगडात लोहाला तोटा नाही. मी ड्रम बघितला, खालची भोकं काडीने मोकळी करून बघितली, पाणी नीट निघत होतं. उत्तर सापडलं ते हात धुताना. गच्चीतल्या नळाखाली साबण लावला तर फेसच येईना. खाली स्वयंपाकघरात त्याच साबणाचा भरपूर फेस. आईंना विचारलं, तर "हो, मे महिन्यात कमिटीने गच्चीची लाइन बोअरला जोडली, कॉर्पोरेशनचं पाणी पुरत नव्हतं." म्हणजे बदललं होतं, फक्त त्यांच्या लेखी ते "काही" नव्हतं. पिण्याचं पाणी तेच होतं ना!

कॉर्पोरेशनचं, म्हणजे खडकवासला धरणाचं पाणी तसं मऊ. बोअरचं पाणी बेसॉल्टच्या भेगांतून येतं, त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे बायकार्बोनेट, म्हणजे विरघळलेले क्षार, भरपूर. पावसाळ्यात झाड पावसावर भागवतं, पण त्यांचा ड्रम पत्र्याच्या शेडखाली आहे, त्याला थेंब मिळाला नाही. पाच-सहा महिने तेच पाणी घातल्यावर मातीचा पीएच चढतो, म्हणजे आंबटपणा जाऊन माती क्षारधर्मी होते. तिथलं लोह मुळांना घेता येत नाही अशा रूपात जातं. ताटात वाढलंय, पण कुलूपबंद. ड्रमच्या काठाला पांढरी कड आलीय, ती त्याच क्षारांची.

खात्री म्हणून वाटीत चमचाभर माती घेऊन वर व्हिनेगर टाकलं. खायच्या सोड्यासारखं फसफसलं, म्हणजे मातीत चुन्यासारखे क्षार साठलेत. आई दोन मिनिटं त्या वाटीकडे बघत बसल्या. मग हळूच म्हणाल्या, "नंदूभाऊ, मी होमाची राखसुद्धा यातच टाकते. नदीत नको म्हणून."

राख म्हणजे पालाश, ठीक. पण ती क्षारधर्मी, आधीच चढलेल्या पीएचला आणखी वर ढकलणारी. त्यात डीएपी. फॉस्फरस जास्त झालं की लोह आणि जस्त दोन्ही अडतात. म्हणजे लिंबाला उपाशी ठेवण्यासाठी जे जे करता येईल ते प्रेमाने झालेलं.

उपाय असे ठरले. गच्चीला खालून कॉर्पोरेशनचं पाणी, रोज एक बादली. समोरच्या मुलाला सांगितलंय, तो नेऊन देईल, आईंनी उचलायची नाही. शेड एका बाजूने उघडायची, म्हणजे पुढच्या पावसाळ्यात झाड भिजेल. वर फेरस सल्फेटची फवारणी, म्हणजे आपलं हिराकस : लिटरला ५ ग्रॅम आणि १ ग्रॅम सायट्रिक ॲसिड, ऊन उतरल्यावर, दहा दिवसांच्या अंतराने दोनदा. मातीत घालायचं तर चिलेटेड लोह, म्हणजे मुळांना घेता येईल अशा रूपात धरून ठेवलेलं. दुकानात दोन मिळतात. ईडीटीए स्वस्त असतं, पण पीएच साडेसहाच्या वर गेला की त्याचा उपयोग संपतो. ईडीडीएचए महाग आहे, लालभडक रंगाचं, ते अशा मातीतही टिकतं. दुकानदार पहिलं काढून देईल. दुसरं मागून घ्यायचं.

पिवळी पानं परत हिरवी होतील अशी फार आशा ठेवू नका. नवी फूट कशी येते ते बघायचं.

टोमॅटोचं प्रकरण वेगळं. तिथं अन्नद्रव्याचा प्रश्नच नाही. डाग खालच्या पानांवर, आणि प्रत्येक डागात वर्तुळात वर्तुळ, लाकडाच्या ओंडक्याच्या कापासारखं. भोवती पिवळी कड. हा करपा, अल्टरनेरिया बुरशी. डाग बारीक असते, मध्ये राखाडी आणि त्यात काळे ठिपके, तर सेप्टोरिया ही दुसरी बुरशी म्हटलं असतं. आई संध्याकाळी पाइपने वरून आंघोळ घालतात, पानं रात्रभर ओली. मातीवरचे थेंब उडून खालच्या पानांना लागतात, बुरशी तशीच चढते. खालची डागाळलेली पानं कापली, पिशवीत बांधून कचऱ्यात दिली (कंपोस्टमध्ये नाही!), बुंध्याशी पालापाचोळा अंथरला. पाणी सकाळी, बुडाशी.

त्यावर १ टक्का बोर्डो, म्हणजे मोरचूद-चुन्याचं बुरशीनाशक मिश्रण. लिटरला मोरचूद (कॉपर सल्फेट) १० ग्रॅम, कळीचा चुना १० ग्रॅम. दोन्ही प्लास्टिकच्या वेगळ्या भांड्यांत विरघळवायचं, लोखंडी नको. मोरचुदाचं पाणी चुन्याच्या निवळीत ओतायचं, छान आभाळी रंग येतो. मग दाढीचं पातं किंवा खिळा मिनिटभर बुडवून बघायचा. तांबूस थर चढला तर मोरचूद जास्त आहे, आणखी चुना. तसंच फवारलं तर पानं भाजतील. त्याच दिवशी संपवायचं. गाळून घेतलं नाही तर पंपाचं नोझल चोंदतं, हे मी काल स्वतःच्या शर्टावर शिकलो. टोमॅटो चांगले धुऊन खायचे, हे सांगायला नको.

जाता जाता : हे मिश्रण निघालं ते द्राक्षचोरांमुळे. फ्रान्समध्ये रस्त्याकडेच्या वेलींवर येणाऱ्या-जाणाऱ्यांनी हात मारू नये म्हणून शेतकरी मोरचूद-चुना शिंपडायचे. मिलार्दे नावाच्या शास्त्रज्ञाला दिसलं की त्याच वेलींना केवडा हा बुरशीसारखा रोग लागत नाही. १८८५ मध्ये त्याने ते छापलं.

---

रोहन, ७ नोव्हेंबर

काका, भारी मेल. एक प्रामाणिक प्रश्न. इथे ओंटारिओत माझी "ती" चार झाडं आहेत, कायद्याने चालतात, उगाच कुणी आईला फोन करू नका. खालच्या पानांवर गंजासारखे डाग आलेत. ऑनलाइन सगळे एकच सांगतात, कॅल्शियम-मॅग्नेशियमची बाटली ओत. जुनं पान-नवं पान हा नियम तिथेही चालेल का?

---

नंदूकाका, ८ नोव्हेंबर

चालेल. पान भांगेचं असो की भेंडीचं, मॅग्नेशियम जुन्या पानातून सरकतं आणि कॅल्शियम सरकत नाही. म्हणून "कॅल्शियम-मॅग्नेशियम" असं एका दमात सांगणाऱ्याने पान बघितलेलं नसतं. एक बुडाला दिसणार, दुसरं शेंड्याला. बाटली ओतण्याआधी पाण्याचा पीएच मोज आणि डाग भिंगाखाली धर. वर्तुळं किंवा काळे ठिपके दिसले तर बुरशी, मग कितीही बाटल्या ओत. भांगेलाही सेप्टोरिया होतो.

बाकी, कॅनडात १७ ऑक्टोबर २०१८ पासून घरटी चार चालतात, ते तुझ्यापाशीच ठेव. डिसेंबरात पुण्याला येताना बी-बियाणं घेऊन येऊ नकोस. इथे १९८५ चा एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांचा कायदा आहे, लागवडीला दहा वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. गच्चीवर तुळस लाव.

---

प्रभाकाकू, ८ नोव्हेंबर

अहो नंदूभाऊ, एवढं ईडीडी काय ते कशाला? आमच्या सासूबाई सदाशिव पेठेत लिंबाच्या बुडाशी गंजके खिळे पुरायच्या. पन्नास वर्षं लिंबं खाल्ली.

---

नंदूकाका, ९ नोव्हेंबर

काकू, तुमच्या सासूबाईंना हात जोडून सांगतो, लिंबं पन्नास वर्षं आली ती जमिनीतल्या झाडाला, आणि पाणी होतं कॉर्पोरेशनचं. खिळे असते-नसते तरी आलीच असती. गंज म्हणजे लोहाचं नेमकं तेच रूप, जे चढ्या पीएचच्या मातीत मुळांना घेता येत नाही. आईंच्या ड्रममध्येही सहा खिळे निघाले. कुणी सुचवले असतील ते आता लक्षात आलं.

---

अनघा, १६ डिसेंबर

मंडळी, उशिरा कळवतेय. टोमॅटोची तीन झाडं काढावी लागली, दोन वाचली. लिंबाला नवी फूट आलीय, बोटभर, हिरवीगार. जुनी पिवळी पानं आई तोडू देत नाही, "त्यांनी काय केलंय?" म्हणते.

कमिटीच्या सभेत तिने व्हिनेगरची वाटी नेली होती. सगळ्यांच्या कुंड्यांतली माती एकेक करून फसफसवून दाखवली. आता गच्चीवर कॉर्पोरेशनच्या पाण्याचा वेगळा नळ येतोय, खर्च वर्गणीतून. होमाची राख कुठे टाकायची यावर मात्र सभेत एकमत झालेलं नाही. काका, ती तुम्हाला विचारायला सांगतेय. आणि जानेवारीत एम्प्रेस गार्डनच्या प्रदर्शनाला जाणार असाल तर तिलाही घेऊन जा. रिक्षाने, चालवू नका.

---

नंदूकाका, १६ डिसेंबर

नेतो. राख शेवंतीच्या वाफ्यात, चिमूटभर, पसरून, आणि वर्षातून एकदाच. ड्रमजवळ नाही.