पन्हाळा उतरताना पुढच्या डाव्या चाकातून चिरका आवाज

घाटप्रेमी: मंडळी, 1990च्या दशकातली दोन दारांची स्पोर्ट्स कार आहे, पुढं-मागं डिस्क ब्रेक. पन्हाळ्याहून उतरताना चाकातून चिरका आवाज येतो. ब्रेक दाबला की बंद, सोडला की परत सुरू. बाहेरून पॅड जाड दिसतात. मेकॅनिक म्हणतो डिस्क बदला, पण ती परदेशातून मागवावी लागणार.

उद्यमनगरवाला: भावा, डिस्कची ऑर्डर थांबव. दाबल्यावर आवाज थांबतो, म्हणजे बहुतेक झीज दाखवणारी पत्ती डिस्कला लागतीय. चाक काढून आतला पॅड बघ. सरकत्या कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) पिना गंजून अडकल्या की आतला पॅड आधी संपतो, बाहेरचा जाडच दिसतो. आपल्या पावसात उभ्या राहणाऱ्या गाड्यांना हे लई होतं. पिना हातानं सरकल्या पाहिजेत. ब्रेकचीच सिलिकॉन ग्रीस लाव, साधी ग्रीस रबर फुगवते. डिस्कची किमान जाडी तिच्यावरच कोरलेली असते. मायक्रोमीटरनं घासलेल्या भागावर मोज, कडेच्या कंगोऱ्यावर नको.

रंकाळाकर: घाट उतरल्यावर दोन्ही चाकांजवळ हात धरून बघा, डिस्कला लावू नका. डावं जास्त तापत असेल तर कॅलिपरमधला पिस्टन किंवा ब्रेक ऑइलचा जुना रबरी होज (नळी) पण तपासा. होज आतून सुजला की ऑइल मागं येत नाही.

घाटप्रेमी: चाक काढलं. आतला पॅड संपत आलाय, खालची पिन हलतच नाही. डिस्क मापात आहे.

उद्यमनगरवाला: मग पुढच्या दोन्ही चाकांचे पॅड एकदम बदल. तोवर घाटात गाडी नेऊ नकोस, कळकळीनं सांगतोय.