कोलोनोस्कोपीत दुखलं होतं की नाही, कसं कळणार?

निशाचर: मिडाझोलम हे गुंगीचं औषध देऊन कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी) झाली, मला काहीच आठवत नाही, पण नर्स म्हणाली मधे दोनदा ओरडलात. म्हणजे दुखलं आणि मी विसरलो? हे जरा भयानक वाटतंय राव.

भटकभवानी: आठवत नाही ना, मग सोडा की!

सुईदोरा: असं कसं सोडा? मिडाझोलम वेदना कमी करतच नाही, ते गुंगी आणतं, भीती घालवतं आणि नवीन आठवणी साठू देत नाही, दुखणं थांबवायला फेंटानिलसारखं औषध वेगळं द्यावं लागतं आणि बहुतेकदा सोबत देतातच. त्यामुळे ओरडलात म्हणजे त्या क्षणी त्रास झाला असू शकतो. अर्थात गुंगीत माणूस उगाचही बडबडतो म्हणा. पुढच्या वेळी आधीच विचारा, वेदनाशामक कोणतं, किती, आणि मी कण्हलो तर डोस वाढवणार की थांबणार. प्रोपोफॉल या दुसऱ्या गुंगीच्या औषधाने जास्त गाढ झोप लागते, पण तेही वेदनाशामक नाही आणि श्वासावर सतत लक्ष ठेवावं लागतं.

निशाचर: फाईलमध्ये फेंटानिल दिसतंय, डोस मात्र वाचता येत नाहीये. उद्या फोन करून विचारतो.