फिटच्या औषधामुळे गर्भनिरोधक गोळी निकामी ठरते का? पुढच्या उपायाबद्दल माहिती हवी आहे

नमस्कार. माझी धाकटी बहीण लग्नापासून गर्भनिरोधक गोळ्या नेमाने घेत आली आहे. रोज रात्री मोबाईलचा गजर वाजला की ती हातातले काम टाकून उठते आणि पाकिटावर छापलेला वार बघून गोळी घेते, हे मी स्वतः पाहिले आहे. तरीही तिला दिवस गेले, आणि घरात जो तो 'एखादी विसरली असशील' असे म्हणून मोकळा होतो.

गोळ्या काटेकोरपणे घेतल्या तर वर्षभरात 100 स्त्रियांपैकी एखादीलाही क्वचितच गर्भ राहतो. विसर आणि उशीर धरला, तर हे प्रमाण साधारण 7 पर्यंत जाते. नव्या पाकिटाची सुरुवात लांबली तर धोका अधिक, कारण दोन पाकिटांमधला सात दिवसांचा गोळीविना खंड वाढून बीजांडकोश पुन्हा कामाला लागतो. गोळी घेतल्यावर लगेच उलटी झाली तरी तेच होऊ शकते. बहिणीच्या बाबतीत यातले काहीही घडलेले नाही.

घडले ते इतकेच, की मध्यंतरी तिला फिट येऊ लागल्या आणि कार्बामाझेपिन सुरू झाले. हे औषध यकृतातील एन्झाइमची क्रिया वाढवते, त्यामुळे गोळीतील हार्मोन्स शरीरातून लवकर नाहीशी होतात. फिटवरचेच दुसरे औषध फेनिटॉइन आणि क्षयरोगावरील रिफाम्पिसिन यांचेही तसेच आहे. औषध लिहून देताना 'इतर कोणत्या गोळ्या चालू आहेत?' एवढे तिला कुणी विचारले असते तर! आता दोष मात्र तिच्या माथी येतो आहे, आणि ते मला सहन होत नाही.

गर्भ ठेवायचा की नाही, हा निर्णय तिचा आहे. त्यावर कृपया सल्ला देऊ नये. फिटचे औषध परस्पर बंद करायचे नसते, हे ठाऊक असल्याने ती ते घेत आहे आणि या आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांना भेटणार आहे. फॉलिक ॲसिडची मात्रा आणि फिटच्या औषधात करायचा बदल, याबद्दल दोन्ही डॉक्टरांना नेमके काय विचारावे?

दुसरा प्रश्न पुढचा. तांबी आणि तीन महिन्यांचे इंजेक्शन यांवर या औषधाचा परिणाम होत नाही, असे वाचले आहे. फिटचे औषध चालू असताना ज्यांनी यांपैकी एखादा उपाय वापरला आहे, त्यांना पाळीच्या रक्तस्रावात काय फरक जाणवला?