फॉस्टर केअरमध्ये मूल असताना गाठ निघाली, कक्षाला कधी कळवायचं?

सुरंगी:
राजापूर तालुका. आठ वर्षांची मुलगी दीड वर्षापासून आमच्याकडे फॉस्टर केअरमध्ये (दत्तक नाही, सांभाळायला दिलेली) आहे. मला छातीत गाठ लागली, मॅमोग्राफी झाली, बायोप्सीचा रिपोर्ट यायचाय. जिल्हा बाल संरक्षण कक्षाला आताच कळवू की रिपोर्ट हातात आल्यावर? मुलीला नेतील का? केमो लागली तर चिपळूणला नणंदेकडे ठेवली तर चालेल का?

खाडीपलीकडे:
ताई, आताच कळवा, आणि लेखी कळवा. बाल न्याय कायदा 2015 च्या कलम 44 मध्ये ‘पालक आजारी पडला की मूल परत’ असं काही नाही. मूल हलवायचा प्रश्न येतो तो कुटुंब कर्तव्यात कमी पडलं तर, आणि तो निर्णय बाल कल्याण समितीचा. समितीकडून दर महिन्याला पाहणी व्हावी असं याच कलमात आहे. त्या भेटीत हे उशिरा कळलं, तर आजारापेक्षा लपवाछपवीच नडते.

पत्र एका पानाचं पुरे: कोणती तपासणी कधी झाली, रिपोर्ट कधी अपेक्षित, घरात मुलीचं कोण बघतं, पर्यायी माणूस कोण. पोच घ्या, झेरॉक्स फाईलला लावा.

नणंदेकडे परस्पर मात्र ठेवू नका. सगळ्यात जास्त चूक इथेच होते. मूल समितीच्या आदेशाने तुमच्याकडे आहे. महिना-दोन महिने दुसऱ्या घरी राहणार असेल तर आधी अर्ज करा. मुलीच्या सांभाळासाठी मिळणाऱ्या अनुदानाचं खातं तुमच्या एकटीच्या नावावर असेल तर तुम्ही दवाखान्यात असताना पैसे कोण काढणार, हेही याच भेटीत विचारून घ्या.

माडाची_वाडी:
उपचाराच्या बाजूने लिहिते. रिपोर्टमध्ये कॅन्सर निघाला तर ईआर, पीआर, हर-टू या (कोणते उपचार लागू पडतील ते सांगणाऱ्या) तपासण्यांना आणखी काही दिवस जातात. केमो लागेलच असं नाही. लागली तर बरेचदा 21 दिवसांचं चक्र असतं. घरची माणसं सलाईनच्या दिवसाची सोय करतात, पण जपायचे दिवस असतात साधारण सातवा ते चौदावा. तेव्हा पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली असतात. मुलीला शाळेत सोडणं-आणणं, स्वयंपाक, रात्रीची सोबत हे सगळं त्या आठवड्यासाठी ठरवा.

थर्मामीटर उशाशी ठेवा, कपाळाला हात लावून ताप ठरवू नका. 100.4 फॅरनहाइट दिसला की लगेच दवाखाना गाठायचा, मध्यरात्र असली तरी. आधी पॅरासिटामॉल घेऊ नका, ताप झाकला जातो. वाहन लागलं तर 108. पावसात गोठा आणि लावणीच्या चिखलापासून लांब राहा, आपल्याकडे लेप्टोची (जनावरांच्या लघवीने दूषित पाण्या-चिखलातून होणाऱ्या तापाची) भीती असते. शाळेत कांजिण्यांची साथ आली किंवा मुलीच्या अंगावर पुरळ दिसली तर डॉक्टरांना त्याच दिवशी फोन करा.

उपचार डेरवणच्या रुग्णालयात किंवा परळच्या टाटाला, जिथे घ्याल तिथे महात्मा फुले जनआरोग्य योजनेच्या खिडकीवर आधी चौकशी करा. कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत कवच आहे. रेशनकार्ड आणि आधारवरच्या नावांचं स्पेलिंग जुळतंय ना, ते आजच बघा.

खाडीपलीकडे:
मुलीला सांगायचंच, आणि केस गळायच्या आधी. आजाराचं नाव घ्या. तुझ्यामुळे झालेलं नाही, हात लावल्याने होत नाही, आणि मी दवाखान्यात असेन तेव्हा अमुक माणूस तुझ्याजवळ झोपेल. त्या माणसाचं नाव सांगा. एक घर सुटलेलं पोर ‘सगळं ठीक आहे’ ऐकलं की घाबरतं, बॅग आपली आपणच भरून ठेवतं. ‘मी बरी होणारच’ असं वचन देऊ नका.

सुरंगी:
उद्याच पत्र देते. नणंदेचे कागद कोणते जोडू?

खाडीपलीकडे:
आधार, रहिवासी पुरावा, घरातल्या सगळ्यांचे वैद्यकीय दाखले, मोठ्या माणसांची पोलीस पडताळणी आणि त्यांचं स्वतःचं संमतीपत्र. पडताळणीला वेळ लागतो, तेवढी आधी टाका. समाजकार्यकर्ता त्यांच्या घरी येऊन जाईल, तेव्हा मुलगी कुठे झोपणार ती जागा तयार ठेवायला सांगा.