सॉलोमन लेव्ही: कैदी ते बडा व्यापारी. कौतुक करावं का?

अवलोकिता:
चोरी होती चहाची. ९० पौंड चहा, म्हणजे आपले चाळीसेक किलो, आणि तो ठेवलेली लाकडी पेटी. त्यात सामील होता म्हणून लंडनच्या सॉलोमन लेव्ही या ज्यू तरुणाला १८१३ साली सात वर्षांची हद्दपारी झाली. जानेवारी १८१५ मध्ये तो कैदी म्हणून सिडनीला उतरला. १८१९ मध्ये पूर्ण माफी मिळाली. १८२६ मध्ये डॅनियल कूपर या दुसऱ्या माजी कैद्याबरोबर भागीदारी केली, आणि 'कूपर अँड लेव्ही' वसाहतीतल्या बड्या पेढ्यांत गणली जाऊ लागली. कपाळावर शिक्का बसलेल्या माणसाने अकरा वर्षांत एवढं उभं केलं. मला तर त्याचा अभिमान वाटतो. तुम्हाला?

खारवारा:
मला नाही वाटत. १८२९ मध्ये याच लेव्हीने थॉमस पीलबरोबर पश्चिम ऑस्ट्रेलियात स्वान नदीकाठी वसाहत वसवायचा करार केला. बोलणी अडीच लाख एकरांची! जमीन तिथल्या मूळ रहिवासी नूंगार लोकांची, त्यांना विचारलं कोणी?

रोजमेळ:
खारवारा, जमिनीचं पटलं. पण त्या करारात लेव्हीची काय गत झाली तेही बघा. पैसा त्याचा, नाव पीलचं. पील हा ब्रिटनचे गृहमंत्री रॉबर्ट पील यांचा नातलग, लेव्ही मात्र गुप्त भागीदार. शिक्षा भोगलेल्या ज्यूचं नाव सरकारदरबारी चाललं नसतं, असं माझं स्पष्ट मत आहे. वसाहत फसली, पीलच्या त्या फजितीचा दाखला कार्ल मार्क्सनेही दिला, त्यात लेव्हीचं नाव नाही. बुडाला मात्र त्याचाच पैसा.

खारवारा:
पैसा बुडाला, आणि माणसं? वसाहतकरी पोचवायची १ नोव्हेंबरची मुदत हुकली, पहिलं जहाज डिसेंबरच्या मध्यावर पोचलं, त्यामुळे ठरलेली जमीन गेली. शेकडो माणसं, बायकापोरं उघड्या किनाऱ्यावर पडून राहिली. आजाराने कितीतरी दगावली. भागीदार गुप्त असला म्हणून जबाबदारीतून सुटतो का? आमच्या घरात भागीदारीतला धंदा बुडालेला मी पाहिलाय. कागदावर नाव नसलेला काका आधी हात झटकून मोकळा झाला.

रोजमेळ:
काकांचं वाईट वाटलं. पण लेव्ही हात झटकून बसला नव्हता, सगळ्यात जास्त तोच खंगला. १८३३ मध्ये लंडनला वारला, तेव्हा चाळिशीही गाठली नव्हती. आणि १८३४ मध्ये पिंजारा इथे झालेल्या नूंगार लोकांच्या हत्याकांडात गव्हर्नरच्या तुकडीबरोबर पील होता. ते तरी लेव्हीच्या माथी मारू नका.

खारवारा:
पिंजारा नाही मारत, मान्य. जमिनीचं मागे घेणार नाही.

अवलोकिता:
मृत्युपत्रात त्याने सिडनी कॉलेजला ५०० पौंड ठेवले. सर्व धर्मांच्या मुलांना खुली असलेली ही शाळा होती. ज्या गावात बेड्या घालून उतरला तिथल्या मुलांसाठी त्याने हे केलं, हे मला फार मोठं वाटतं. जमिनीचा प्रश्न मात्र मी धाग्याच्या सुरुवातीलाच मांडायला हवा होता. माझी ती चूक झाली.